फ्लोरिनचा टुटू

लंडनला बॅलेच्या कपडेपटात काम करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रेशीम आणि मुकुट येतात. आमचा दिवस जातो तो दुसऱ्यांच्या घामात. टुटू म्हणजे बॅलेतला जाळीचा फुगीर झगा, तो धुता येत नाही. जाळीचे दहा-बारा थर एकदा भिजले की बसलेच. म्हणून काखेत पाणी घातलेली वोडका फवारायची आणि घेर पडू नये म्हणून टुटू उलटा टांगायचा. शिवाय एक टुटू एकीचाच असं कधी नसतं. पाठीला हुक अडकवायच्या दोन-तीन ओळी, आणि आतल्या पट्टीवर आधी नाचून गेलेल्यांची नावं.

त्या रात्री ‘स्लीपिंग ब्यूटी’ होतं. इथल्या बॅलेवाल्यांचा या नाचावर फार जीव. १८९० साली पीटर्सबर्गला नृत्यदिग्दर्शक पेतिपानं बसवलेला हा नाच क्रांतीनंतर रशिया सोडून आलेल्या निकोलाय सेर्गेयेव्हच्या, पावलांची टिपणं असलेल्या वह्यांतून इंग्लंडच्या मंचावर उतरला. निनेत द व्हॅल्वा बाईंच्या कंपनीनं तो १९३९ मध्ये केला. महायुद्धात कॉव्हेंट गार्डनच्या ऑपेरा हाऊसचा डान्स हॉल झाला होता. २० फेब्रुवारी १९४६ ला ते पुन्हा उघडलं, तेही याच नाचानं. कापड तेव्हा रेशनच्या कुपनांवर मिळायचं. पुढे १९५६ मध्ये हीच कंपनी रॉयल बॅले झाली. मी त्या कंपनीत नाही, पण आमच्या कटर बाई कुपनांची गोष्ट प्रत्येक नव्या पोरीला अशी ऐकवतात, जणू १९४६ ला कात्री यांच्याच हातात होती.

दुसऱ्या अंकात, राजकन्या फ्लोरिन करणाऱ्या मुलीचा घोटा मुरगळला. तिसऱ्या अंकात तिचं ब्लूबर्डबरोबर, म्हणजे निळा पक्षी झालेल्या नर्तकाबरोबर, युगुलनृत्य, मध्ये २० मिनिटांचं मध्यंतर. बदली मुलगी तयार होती, नाच तिला पाठ होता. तिच्या मापाचा टुटू मात्र कुणीच केलेला नव्हता. शेवटच्या ओळीत हुक लावूनही बरगड्यांशी दोन बोटं अंतर उरलं. ओढून बसवता येत नाही, कारण नाचणारीचा श्वास तिथेच फुलतो. मी तिला म्हटलं, पूर्ण श्वास घे आणि धरून ठेव. त्या मापानं इलॅस्टिकचे फास करून पाठीवर टाचले, हुक त्यांत अडकवले आणि वरून आडवे टाके घातले. उचलताना जोडीदाराची बोटं नेमकी तिथेच येतात, त्यामुळे एकही गाठ वर ठेवून चालत नाही. हे काम मी चोख केलं, आणि ते मीच सांगितलेलं बरं. दुसरं कुणी सांगत नाही.

मग खांद्यांकडे लक्ष गेलं. पट्ट्या आणि गळ्याची जाळी फिक्कट गुलाबी, आणि मुलगी माझ्याहून सावळी. दिव्यांखाली त्या पट्ट्या बँडेजसारख्या दिसल्या असत्या. मी काही बोलायच्या आत तिनं पिशवीतून स्पंज आणि फाउंडेशन काढलं आणि आरशात बघत पट्ट्या रंगवायला घेतल्या. हात इतका सराईत की कापडाला एक ठिपका लागला नाही. “असू दे, मी बुटांना रोज लावते,” म्हणाली. तपकिरी पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर नाचायचे बूट, इथे २०१८ पासून मिळतात, पण आमच्या ऑर्डरच्या यादीत अजून नाहीत. ओला रंग ब्लूबर्डच्या निळ्या बाह्यांना लागेल म्हणून मी हेअर ड्रायर धरला, वर पावडर मारली.

अंक छान झाला. टाळ्या पडल्या. आमच्या मुख्य बाई टुटू हातात घेऊन म्हणाल्या, “या पट्ट्या खराब कुणी केल्या?” पाठीचे टाके त्यांनी बघितलेही नाहीत. मी सांगितलं, तर म्हणाल्या, चौथ्या रांगेच्या मागे कुणाला काय दिसतं! मग पुढच्या तीन रांगांची तिकिटं सगळ्यांत महाग कशाला, हे मी विचारलं नाही.

मला ती मुलगी डोक्यातून जात नाही. आम्ही टाक्याटाक्याचा हिशेब लिहितो, ओव्हरटाइम लावतो. ती वर्षानुवर्षं कपडेपटाचं काम स्वतःच्या पैशानं आणलेल्या बाटलीतून करते आहे, आणि ते कुठल्याच वहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीच्या वहीत लिहिलं, ‘फ्लोरिन: पट्ट्यांचे दोन जोड, गडद.’ उत्तर आलं, बजेट पुढच्या हंगामात बघू. इलॅस्टिक मीच आणते, त्याचा भाव मला पाठ आहे.