दिव्याच्या खांबांवरच्या पाट्या

शनिवार, रात्र

आज लेकीला व्हायोलिनच्या क्लासहून आणताना बायरिशर प्लाट्झ या चौकाभोवतीच्या गल्ल्यांमधून चालत आलो. बर्लिनला येऊन चार वर्षं झाली, पण इथल्या दिव्यांच्या खांबांवरच्या पाट्या मी कधी थांबून वाचल्या नव्हत्या. एका बाजूला साधं रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला एक-दोन ओळी. अशा ८० पाट्या आहेत, १९९३ मध्ये स्मारक म्हणून लावलेल्या. नाझी राजवटीत ज्यूंविरुद्ध निघालेले हुकूम, तारखांसकट.

लेक थांबली ती मांजराचं चित्र बघून. मागचं जर्मन तिनंच वाचलं आणि मला मराठीत सांगितलं, "आई, ज्यू लोकांनी यापुढे घरात प्राणी पाळायचे नाहीत." साल १९४२.

"मग त्यांच्या माऊचं काय झालं?"

ओळखीच्यांकडे सोडायचीही मुभा नव्हती, सरकारजमा करावी लागे आणि मारून टाकत, हे मी सांगितलं. खोटं सांगवेना.

मग आम्ही एकेक पाटी शोधतच निघालो. १६ ऑगस्ट १९३३ : ज्यूंना गायन मंडळांतून काढलं. १९३८ : ज्यू आणि इतर मुलांनी एकत्र खेळायचं नाही. त्याच वर्षी ३ डिसेंबरला पोहण्याचे तलाव बंद. ४ जुलै १९४० : बर्लिनमध्ये ज्यूंनी किराणा फक्त दुपारी ४ ते ५ मध्ये घ्यायचा.

ही शेवटची मला सोडत नाहीये. रेशनचे दिवस, चार वाजता दुकानात उरणार काय? आणि बाकीची गिऱ्हाइकं? शेजारची बाई रोज सकाळी दिसायची, ती आता दिसत नाही, हे लक्षात आलंच असेल ना त्यांच्या. आठवडाभर चुकल्यासारखं वाटलं असेल, मग सवय झाली असेल. याच शहरातल्या ग्रुनेवाल्ड स्टेशनातून १८ ऑक्टोबर १९४१ ला पहिली गाडी हजाराहून जास्त ज्यूंना घेऊन पोलंडमधल्या वूचच्या घेट्टोकडे, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीकडे, गेली. गायन मंडळापासून त्या गाडीपर्यंत आठ वर्षं लागली. आठ वर्षांत कुठंतरी थांबवता आलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या शाळेत हे सगळं महायुद्धाच्या धड्यात दोन ओळींत उरकलं होतं. मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा पाठ केला, परीक्षेत लिहिला. त्यामुळेच असेल, "या देशाला एक हिटलरच पाहिजे" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, अगदी आमच्या ओसरीवरही ऐकलंय. बोलणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांना शिस्त हवी होती. त्या शिस्तीत कुणाची मांजर जमा करतात, कुणाचं पोर खेळातून उठवतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही त्यांना कधी अडवलं नाही, कारण मलाही ते असं, पाटीएवढ्या जवळून माहीत नव्हतं.

या पाट्या लावल्या जात होत्या तेव्हा काही रहिवाशांना हा खराच ज्यूद्वेषी प्रचार वाटला आणि त्यांनी पोलिसांना फोन केले. वाचून बरं वाटलं. निदान या वेळी कुणीतरी फोन उचलला.

अंधार पडता पडता एक पाटी सापडली, १६ फेब्रुवारी १९४५ ची. ज्यूविरोधी कारवायांची कागदपत्रं नष्ट करावीत, असा हुकूम. लेकीनं ती दोनदा वाचली, मग वहीच्या मागच्या पानावर तारखेसकट उतरवून घेतली.