अकरा वर्षांनी पुन्हा बीजगणित : माझा अनुभव

अर्धवट राहिलेले पदवीचे शिक्षण अकरा वर्षांनी पुन्हा सुरू करायचे मी ठरवले, तेव्हा माझ्या विषयासाठी संख्याशास्त्राचा एक पेपर अनिवार्य होता आणि त्या पेपरला बसण्यापूर्वी महाविद्यालयीन बीजगणिताचा प्रारंभिक अभ्यासक्रम उत्तीर्ण होणे आवश्यक होते. शाळेत मला गणितात बरे गुण मिळत असत, त्यामुळे हा अभ्यासक्रम म्हणजे केवळ उजळणी ठरेल अशी माझी समजूत होती. प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या पातळी-चाचणीनेच ती समजूत दूर केली. त्या चाचणीत मी नव्या भागावर अडले नव्हते. अपूर्णांकांची बेरीज, कंसापुढचे ऋण चिन्ह आणि घातांक या सातवी-आठवीतल्या गोष्टींवर अडले होते. −(क्ष − ४) याचे मी −क्ष − ४ केले होते, आणि −३² व (−३)² या दोन्हींचे उत्तर ९ लिहिले होते. पहिल्यात घात फक्त ३ चा आहे, म्हणून ते −९ होते, हे मला कोणीतरी पुन्हा सांगावे लागले.

पहिल्या चार आठवड्यांत वास्तव संख्या, घातांक, करणी, बहुपदी आणि अवयव एवढा भाग झाला. वर्गात फळ्यावरचे उदाहरण मला कळत असे, घरी पुस्तकातले सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटत असे, आणि पटले म्हणजे आले असे मानून मी पुढच्या पानाकडे वळत असे. पहिल्या परीक्षेत मला १०० पैकी ४१ गुण मिळाले. कोऱ्या कागदावर पहिली ओळ कोणती लिहायची हा निर्णय मी त्या चार आठवड्यांत एकदाही स्वतः घेतला नव्हता, ही गोष्ट उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर माझ्या लक्षात आली.

ती उत्तरपत्रिका घेऊन मी आमच्या शिक्षिकांकडे गेले. कोणत्या प्रकरणाची तयारी कमी पडली ते त्या सांगतील असे मला वाटले होते. त्यांनी मात्र माझीच एक ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. मी लिहिले होते : ३क्ष + ५ = २० = ३क्ष = १५ = क्ष = ५. उत्तर बरोबर होते. "यात तुम्ही २० आणि १५ समान आहेत असे लिहिले आहे. तसे तुम्हाला म्हणायचे आहे का?" असे त्यांनी विचारले. मला तसे अर्थातच म्हणायचे नव्हते. मी बरोबरचे चिन्ह "आता पुढची पायरी" या अर्थाने वापरत होते. अंकगणितात आपण वर्षानुवर्षे ७ + ५ लिहून पुढे बरोबरचे चिन्ह काढतो आणि उत्तर मांडतो, त्यामुळे ते चिन्ह म्हणजे उत्तर देण्याची सूचना आहे असा समज नकळत रुजतो. बीजगणितात ते विधान असते : डावीकडची राशी आणि उजवीकडची राशी एकच आहे. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली हे चिन्ह पहिल्यांदा छापले, तेव्हा दोन समांतर रेषा निवडण्याचे कारण त्यांनी असे दिले होते की त्यांच्याहून अधिक समान अशा दोन वस्तू असू शकत नाहीत. शिक्षिकांनी हे सहज सांगितले असेल, पण तेव्हापासून प्रत्येक ओळ लिहिताना मी स्वतःला विचारू लागले की मी इथे नेमका कोणता दावा करते आहे.

त्या एका प्रश्नामुळे पुढचा सगळा अभ्यासक्रम मला वेगळा दिसू लागला. "बाजू बदलली की चिन्ह बदलते" हे मला शाळेपासून पाठ होते, पण पद बाजू बदलते म्हणजे प्रत्यक्षात काय होते याचा विचार मी कधी केला नव्हता. वजा असलेले पद नाहीसे करण्यासाठी तेवढेच दोन्ही बाजूंना मिळवायचे, एवढीच ती क्रिया आहे. इसवी सनाच्या ९व्या शतकात अल-ख्वारिझ्मी यांनी याच क्रियेला "अल-जब्र", म्हणजे उणे झालेले भरून काढणे, असे नाव दिले होते आणि बीजगणिताचे पाश्चात्त्य नाव त्या शब्दावरून आले आहे. नियमामागची क्रिया कळल्यावर असमानतेतला नियमही पाठ करावा लागला नाही. −२क्ष < ६ याच्या दोन्ही बाजूंना −२ ने भागले की क्ष > −३ असे चिन्ह उलटते, कारण ऋण संख्येने गुणल्यावर किंवा भागल्यावर संख्यारेषेवरचा क्रमच उलटा होतो. २ हे ५ पेक्षा लहान, पण −२ हे −५ पेक्षा मोठे.

याहून महत्त्वाची गोष्ट मला दुसऱ्या महिन्यात समजली. काही पायऱ्या उलट दिशेनेही चालतात आणि काही चालत नाहीत. क्ष² = ५क्ष हे समीकरण सोडवताना मी दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ असे उत्तर लिहिले होते. क्ष शून्य असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही, याकडे दुर्लक्ष केल्यामुळे ० हे दुसरे उत्तर हरवले. याच्या नेमके उलटे वर्ग करताना होते. क्ष + ७ चे वर्गमूळ क्ष − ५ एवढे आहे, असे एक उदाहरण होते. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ११क्ष + १८ = ० असे वर्गसमीकरण मिळते आणि त्याची मुळे २ व ९ येतात. ९ घातले तर १६ चे वर्गमूळ ४ आणि उजवीकडेही ४. पण २ घातले तर डावीकडे ३ आणि उजवीकडे −३. वर्ग केल्यावर ३ आणि −३ यांच्यातला भेदच पुसला जातो, म्हणून जे उत्तर मूळ समीकरणाचे नव्हते तेही आत शिरते. ताळा हा वेळ उरल्यास करायचा उपचार आहे असे मी तोवर समजत होते. अशा समीकरणात तो उत्तराचाच भाग असतो.

वर्गसमीकरणांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो मला सर्वांत आवडलेला भाग आहे. सूत्र मला पाठ होते, पण ते कुठून येते हे ठाऊक नव्हते आणि पूर्ण वर्गाच्या पद्धतीत येणाऱ्या अपूर्णांकांची मला धास्ती वाटत असे. श्रीधराचार्यांची पद्धत मला याच काळात भेटली. १२व्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या "बीजगणित" या ग्रंथात ती श्रीधराचार्यांच्या नावाने दिलेली आहे. दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचे आणि मग मधल्या पदाच्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवायचा. ३क्ष² + ५क्ष = २ हे समीकरण घेतले तर १२ ने गुणून ३६क्ष² + ६०क्ष = २४ मिळते; २५ मिळवले की डावी बाजू (६क्ष + ५) चा पूर्ण वर्ग होते आणि उजवीकडे ४९ येतात. म्हणजे ६क्ष + ५ हे ७ किंवा −७, आणि क्ष हा १/३ किंवा −२. शेवटच्या भागाकारापर्यंत अपूर्णांक येतच नाही. हीच कृती अंकांऐवजी अक्षरे घेऊन केली तेव्हा पाठ्यपुस्तकातले सूत्र माझ्या वहीत माझ्याच हाताने तयार झाले. विवेचकही, म्हणजे समीकरणाला किती वास्तव मुळे आहेत हे सांगणारी संख्याही, मग वेगळी शिकावी लागली नाही, कारण उजवीकडे उरणारी ती संख्या धन असेल तर तिला दोन वर्गमुळे असणार, शून्य असेल तर एकच, आणि ऋण असेल तर वास्तव वर्गमूळ नसणार, हे समोर दिसतच होते.

फंक्शनच्या, म्हणजे मराठीत ज्याला फल म्हणतात त्या प्रकरणात आमच्या वर्गातील बरेच जण अडखळले आणि मीही अडखळले. फ(क्ष) म्हणजे क्ष ला फ हा नियम लावून मिळणारी किंमत, तो फ आणि क्ष यांचा गुणाकार नाही, हे डोक्याने मान्य करूनही हात फ(अ + ब) चे फ(अ) + फ(ब) करत असे. वहीत माझ्या सगळ्या चुका एका जागी लिहून ठेवण्याची सवय मी पहिल्या परीक्षेनंतर लावून घेतली होती. चूक, तिचे कारण आणि ती उघडी पाडणारी एक संख्या, एवढ्या तीन गोष्टी मी लिहीत असे. ती पाने चाळताना मला दिसले की (क्ष + ३)² चे क्ष² + ९ करणे, ९ + १६ च्या वर्गमुळाला ३ + ४ म्हणणे आणि फ(अ + ब) तोडणे या तीन वेगवेगळ्या प्रकरणांतल्या तीन चुका नव्हत्या. प्रत्येक क्रिया बेरजेवर वाटून टाकता येते, हा एकच चुकीचा विश्वास तिन्हींच्या मागे होता. क्ष च्या जागी १ घातला की पहिल्या चुकीत १६ आणि १० समान ठरतात. एवढी साधी तपासणी शाळेत मी का केली नाही, याची आजही हळहळ वाटते.

आलेख सरकवण्याचा भाग मी बिंदू काढूनच समजून घेतला. (क्ष − ३)² चा आलेख डावीकडे न जाता उजवीकडे का जातो, हे शब्दांनी पटत नव्हते; आधी क्ष² मध्ये क्ष = ० ला जी किंमत मिळत होती ती आता क्ष = ३ ला मिळते, हे तक्ता केल्यावर पटले.

शाब्दिक उदाहरणांत माझी अडचण भाषेची होती. "विद्यार्थ्यांची संख्या शिक्षकांच्या संख्येच्या सहापट आहे" हे वाक्य मी ६व = श असे लिहिले होते, कारण माझ्या मनात व म्हणजे विद्यार्थी होते. अक्षर वस्तूचे नाव नसते, ते संख्येसाठी असते. शिक्षक १० असतील तर विद्यार्थी ६० हवेत, म्हणून व = ६श. त्यानंतर कोणत्याही उदाहरणात "क्ष म्हणजे किती लिटर" असे एकक घालून पूर्ण वाक्य लिहिल्याशिवाय मी समीकरण मांडले नाही. २० टक्के आणि ५० टक्के तीव्रतेची दोन द्रावणे मिसळून ३० टक्क्यांचे १२ लिटर द्रावण करायचे असेल, तर पहिले ८ लिटर आणि दुसरे ४ लिटर लागते. हे उदाहरण मी त्या वाक्याच्या आधाराने पहिल्याच प्रयत्नात सोडवले, तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

सारणी (मॅट्रिक्स) आणि निश्चयक (डिटर्मिनंट) हा भाग यांत्रिक होता. सरावाने तो आठवड्याभरात जमला. लॉगरिदमला, म्हणजे ठरावीक पायाचा कितवा घात केला की दिलेली संख्या मिळते ते सांगणाऱ्या घातांकाला, मात्र वेळ लागला. जॉन नेपियर यांनी १६१४ साली ते प्रसिद्ध केले तेव्हा मोठ्या गुणाकारांचे श्रम बेरजेवर आणणे हा त्यामागचा हेतू होता, हे कळल्यावर लॉग (अ × ब) = लॉग अ + लॉग ब हा नियम लक्षात राहिला.

अंतिम परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे मी दररोज दीड तास, पुस्तक मिटून, वेगवेगळ्या प्रकरणांतली उदाहरणे मिसळून सोडवली. एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने करताना पद्धत आधीच ठाऊक असते. मिसळलेल्या उदाहरणांत ती ओळखावी लागते, आणि परीक्षेत तेच करायचे असते. ज्यांना हा अभ्यासक्रम घ्यायचा आहे त्यांनी हे पहिल्या आठवड्यापासून करावे, असे मी कळकळीने सांगेन.

अंतिम प्रश्नपत्रिकेत १० पाया असलेल्या लॉगचा एक प्रश्न होता : लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १. त्यातून क्ष² − ३क्ष − १० = ० मिळाले आणि मुळे ५ व −२ आली. मी −२ वर रेघ मारली आणि शेजारी पूर्ण वाक्यात लिहिले की ऋण संख्येचा लॉग वास्तव संख्यांत अस्तित्वात नसल्यामुळे ही किंमत मूळ समीकरणाचे उत्तर नाही. मग ५ घालून ताळा केला : लॉग ५ + लॉग २ म्हणजे लॉग १०, म्हणजे १. मला त्या परीक्षेत ७८ गुण मिळाले आणि पुढच्या सत्रात मी संख्याशास्त्राच्या पेपरसाठी नाव नोंदवले. चुकांच्या वहीत चाळीसेक पाने कोरी राहिली होती. तीच वही घेऊन मी त्या वर्गात जाऊन बसले.