बंबाच्या खोलीची घरपट्टी

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

दुपारी नगरपालिकेचा माणूस नोटीस देऊन गेला. यांनी सही केली आणि कागद न वाचताच माझ्या हातात दिला. मागच्या वर्षी घरपट्टी होती २,९६० रुपये, आता ७,४१०. मी पुन्हा चष्मा पुसून वाचलं. आकडा तोच.

यांची ३१ वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून गेली. पेन्शन पीएफवाल्यांच्या ईपीएस ९५ योजनेची, महिन्याला ३,१०० रुपये. म्हणजे दोन महिन्यांची पेन्शन पूर्ण आणि तिसऱ्यातलीही थोडी घरपट्टीतच जाणार. माझं शिलाईकाम दिवाळी आणि लग्नसराई सोडली तर फार चालत नाही. हे घर १९९४ साली बांधायला घेतलं आणि स्लॅब पडायला २००३ उजाडलं. मधली नऊ वर्षं पत्र्याखाली काढली. त्या घराला आज गाव म्हणतंय, तुमची किंमत वाढली. ही किंमत आम्ही कधी हातात घेतलेली नाही. घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, राहायचं आहे.

नोटिशीवर सगळ्या ओळी आहेत. एकत्रित मालमत्ता कर, वृक्ष कर, शिक्षण कर, अग्निशमन कर, घनकचरा शुल्क. घंटागाडी आमच्या बोळात आठवड्यातून दोनदा येते. शिक्षण कर तर नगरपालिका नुसता गोळा करते, तो सरकारकडे जातो, हे मला आज शेजारच्या गुरुजींकडून कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं आपला सगळा पैसा गावातच राहतो.

गुरुजी म्हणाले, तीस दिवसांच्या आत लेखी हरकत द्या, नुसतं कट्ट्यावर बोलून काही होत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी अकराला कर विभागात गेले. रांगेत माझ्यापुढं चौदा जण, सगळ्यांच्या हातात तीच नोटीस. पिठाची गिरणी चालवणारा, एक म्हातारी नातवाला घेऊन आलेली, दोघे रिक्षावाले. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एकमेकांचे आकडे विचारत होते आणि गप्प होत होते.

माझा नंबर आला तेव्हा क्लार्कनं उतारा काढून दाखवला. मुलगा तरुण होता, वागायला चांगला होता, हे लिहायलाच हवं. उताऱ्यावर पूर्वी ६० चौरस मीटर होतं, आता ७१. ही ११ मीटर कुठली म्हणून विचारलं तर त्यानं नकाशा दाखवला. परसदारी आमची बंबाची खोली आहे, दहा बाय बारा फुटांची. चार लोखंडी पाइप, वर पत्रा, तीन बाजूंना तट्ट्या. पहाटे तिथं आंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटवते, एका बाजूला जळण रचलेलं असतं, पावसाळ्यात कपडे वाळत घालते. उताऱ्यावर तिच्यापुढं लिहिलंय आरसीसी, म्हणजे स्लॅबची पक्की. मोजणी वरून फोटो काढून झाली. वरून पत्रा आणि स्लॅब सारखाच चौकोन दिसतो. परसात कोणी पाऊलही टाकलेलं नाही.

दुसरी चूक त्याहून जड निघाली. आमच्या भिंतीवर विजेचे दोन मीटर आहेत. भाऊजींनी २००९ ला त्यांच्या खोलीसाठी वेगळा घेतला होता. नंतर ते चाकणला कामाला गेले, खोलीला कुलूप आहे. सर्व्हेवाल्यानं दारातून दोन मीटर पाहिले आणि भोगवटादाराच्या रकान्यात लिहिलं, भाडेकरू. भाड्यानं दिलेल्या भागाचा दर जास्त लागतो. क्लार्कनं हिशोब करून दाखवला: क्षेत्रफळ गुणिले दर, त्याचं बारा महिन्यांचं भाडं, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा, उरलं ते करयोग्य मूल्य आणि त्याच्यावर टक्केवारी. हिशोब बरोबर होता. ज्याच्यावर बांधला, तेच चुकीचं होतं.

मी म्हटलं, "बाळ, दार वाजवून एकदा विचारलं असतं तर मी चहा करून सगळं दाखवलं असतं."

तो म्हणाला, "काकू, एजन्सीला दर घरामागं पैसे. आम्हाला फक्त यादी येते."

मग मी त्याला विचारलं की एकदम एवढी वाढ कशासाठी. चतुर्वार्षिक आकारणी दर चार वर्षांनी व्हायला हवी होती, ती रखडली. २०१९ चा पूर, मग कोरोना, मग २०२१ ला पुन्हा पाणी. सगळी वाढ एकदम अंगावर आली. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान हवं असेल तर मालमत्ता कराची वसुली वाढवून दाखवावी लागते. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली, तेव्हापासून गावाच्या स्वतःच्या हातात मोठं उत्पन्न म्हणून घरपट्टी आणि पाणीपट्टीच उरली. हे सगळं मला पटलं. जकात नाका मला आठवतो, ट्रकच्या रांगा आठवतात. गाव चालवायला पैसे लागतात, ते आपणच द्यायचे, त्यात माझी तक्रार नाही. आजवर एकही वर्ष थकबाकी ठेवलेली नाही. थकली तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, म्हणून भिशीचे पैसे मोडून भरलेत. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं भरली नाही त्यांना शास्तीमाफी मिळते, तेव्हा मनाला लागतं.

पण पैसे वाढवून घेताना त्यांचं काय होणार हे सांगायला नको का? बाहेर येताना चौकातली नवी कमान दिसली. मे महिन्यात आमच्या बोळात एक दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे पावणेचारला, आणि वळणावरची गळती तीन वर्षं तशीच आहे. क्लार्कला विचारलं होतं, कमानीचे पैसे पाइपलाइनला का नाही घातले. तो म्हणाला, अनुदान ज्या कामाला येतं त्याच कामाला लागतं, वळवता येत नाही. बरं. पण ती कमान मागितली कोणी? आमच्या बोळातल्या कोणी मागितली नाही. गिरणीवाल्यानंही नाही.

नगरसेवक असते तर त्यांच्या दारात जाऊन विचारलं असतं. पूर्वीचे आमचे नगरसेवक फार कामाचे होते असं नाही, पण सकाळी दूध आणायला गेलं की भेटायचे, आणि बायका त्यांना तिथंच धरायच्या. डिसेंबर २०२१ ला मुदत संपली. तेव्हापासून प्रशासक. अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर मंजूर होतं. पूर्वी सभेत भांडणं व्हायची, दुसऱ्या दिवशी पेपरात यायची, कुठल्या वॉर्डाला किती गेले ते कळायचं. आता जो मांडतो तोच मंजूर करतो. चौथं वर्ष हे असं चाललंय. माझं घर ७१ मीटर आहे असं म्हणणारा कागद माझ्या हातात आला, पण त्या ७,४१० रुपयांचं काय करणार ते सांगणारा कागद कोणाच्याच घरी आलेला नाही. दोन्ही एकाच पाकिटातून यायला काय हरकत आहे, हे मला खरंच कळत नाही. माझ्या बचत गटात पन्नास रुपयांचा हिशोब दर महिन्याला सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवावा लागतो, नाहीतर पुढचा हप्ता कोणी देत नाही.

रात्री यांनी टेप काढला. एक टोक यांनी धरलं, एक मी. बंबाची खोली नऊ फूट दहा इंच बाय बारा फूट भरली. मोबाइलवर फोटो काढले, पत्र्याचा, पाइपांचा, तट्ट्यांचा. भाऊजींच्या दाराच्या कुलपाचाही. गंज चढलाय त्याच्यावर.

बुधवार, १९ फेब्रुवारी

हरकत काल दिली. अर्ज यांच्या हस्ताक्षरात, मुद्दे मी सांगितलेले. एक, बंबाची खोली पत्र्याची आहे. दोन, घरात भाडेकरू नाही. तीन, अंदाजपत्रकाची प्रत वाचायला मिळावी. तिसरा मुद्दा वाचून क्लार्क म्हणाला, हा घरपट्टीच्या हरकतीत बसत नाही. मी म्हटलं, बसत नसला तरी राहू दे, खोडू नकोस. त्यानं खोडला नाही. शिक्का मारून पोच दिली.

सोमवारी स्थळपाहणीला माणूस येणार आहे. बंद खोली आतून बघावी लागेल, म्हणून भाऊजींना फोन केला. किल्ली उद्या एसटीच्या पार्सलनं निघतेय.