किचन ऑर्डर स्क्रीन अपडेट: तिकीट जागचं हलायला नको

मंडळी, यावेळचं अपडेट जवळजवळ सगळं एकाच गोष्टीवर आहे, तिकीट (स्क्रीनवरची एक ऑर्डर) बंप केल्यावर, म्हणजे झालं म्हणून स्क्रीनवरून काढल्यावर, बाकीच्या तिकिटांचं काय करायचं. बऱ्याच केडीएसमध्ये (किचनमधल्या ऑर्डर स्क्रीनमध्ये) एक तिकीट गेलं की मागची सगळी एकेक घर पुढे सरकतात, जुनं डावीकडे नवीन उजवीकडे, दिसायला झकास आणि क्रमही कळतो, पण रश चालू असताना कुकने ज्या तिकिटावर नजर ठेवलीये तेच दर थोड्या वेळाने दुसरीकडे जाऊन बसतं. त्यात दोघं एकाच स्क्रीनवर असले की एकाने बंप केलं त्याच क्षणी दुसऱ्याचं बोट खाली येत असतं आणि उडतं भलतंच तिकीट.

म्हणून मी सरळ ठराविक खाने केलेत. तिकीट ज्या खान्यात आलं तिथेच राहणार, गेलं की खाना रिकामा, पुढची ऑर्डर तिथे. आता साहजिक प्रश्न, मग आधीचं कुठलं ते कसं कळणार? त्यासाठी प्रत्येक तिकिटाच्या डोक्यावर ठसठशीत क्रमांक, 1 म्हणजे सगळ्यात जुनं, आणि त्याला जाड किनार. क्रमांक बदलतात, जागा नाही. सिम्युलेटरवर बघतोय (ऑर्डरी समान अंतराने येऊ नयेत म्हणून पॉयसन, म्हणजे यादृच्छिक अंतरांचं गणित, वापरलंय, वर मधूनच एखादी मोठी लाट सोडतो), तर लाट आली तरी नजर भिरभिरत नाही, हे मला तरी पटलंय.

खाने किती ते मात्र मी नाही ठरवलं, गणिताने ठरवलं. लांबून वाचायचं तर अक्षराची उंची डोळ्याशी साधारण 20 आर्कमिनिटचा (1 आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करेल एवढी धरतात, म्हणजे 2 मीटरवरून जवळपास 11.6 मिमी. 21.5 इंची फुल एचडी मॉनिटरचा पिक्सेल पाव मिमीच्या आसपास, म्हणजे कॅपिटल अक्षर 47 पिक्सेल, आणि फॉन्ट साइज त्याहून मोठा असतो, तो 65-67 वर जातो. एवढ्या अक्षरात 3 बाय 3 केलं की एका खान्यात मथळा सोडून तीनेक ओळी उरतात, काय उपयोग! म्हणून 2 ओळी, 3 रकाने. लांबलचक ऑर्डर आली तर ती रकान्यातले दोन्ही खाने घेते. रुंदीत जेमतेम 17-18 अक्षरं बसतात, त्यामुळे मेन्यूवरचं भारदस्त नाव आणि किचनसाठीचं छोटं नाव अशी दोन वेगळी फील्ड ठेवलीत, आपोआप कापलेल्या नावांवर माझा अजिबात विश्वास नाही, दोन पदार्थ पहिल्या दहा अक्षरांत सारखेच निघतात.

6 खान्यांचा फायदा असा की साधा यूएसबी नमपॅड बंप बार (तिकिटं काढायचा कीपॅड) म्हणून चपखल बसतो. 7-8-9 वरची ओळ, 4-5-6 खालची, जे तिकीट जिथे दिसतंय त्याच जागेवरची की, शिकवायला काही लागत नाही. टच मी दुय्यमच ठेवलाय, ओले हात आणि वाफेचे थेंब यांच्यापुढे कपॅसिटिव्ह स्क्रीन वाट्टेल ते करते. ब्राउझरमध्ये करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: कीबोर्ड इव्हेंटमधलं key नको, code वाचा, कारण नमलॉक बंद असला की 7 दाबल्यावर key होम सांगते पण code नमपॅड7 च राहतो. आणि रिपीट आलेला इव्हेंट फेकून द्या, नाहीतर त्या खान्यात रांगेतलं नवीन तिकीट येऊन बसलं की दाबून धरलेली की तेही घेऊन जाते. नमपॅडच्या 1 वर रिकॉल आहे, शेवटचं गेलेलं परत त्याच खान्यात येतं, खाना भरला असेल तर नवीन आलेलं रांगेत मागे थांबतं.

रंगांचं थोडक्यात. हिरवा-पिवळा-लाल सगळेच लावतात पण उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 8 टक्क्यांना लाल-हिरव्यात गोंधळ होतो, म्हणून उशीर झाला की मथळ्याची पट्टी रंगासोबत जाडही होते. ब्लिंक काहीच करत नाही, रशमध्ये सगळंच उशिरा असतं आणि सगळंच लुकलुकलं तर बघायचं कुठे? टायमर टॅबलेटच्या घड्याळावर ठेवू नका, दोन स्टेशनवर एकाच तिकिटाची वेगळी मिनिटं दिसतात आणि मग वाद. प्रत्येक टॅबलेटचा सर्व्हरच्या वेळेशी फरक काढून सगळीकडे सर्व्हरचीच वेळ वापरलीये. नंतर न्यायची ऑर्डर असेल तर टायमर बनवायला घ्यायच्या वेळेपासून.

रद्द झालेला पदार्थ गुपचूप गायब होत नाही हेही यावेळी झालं. कुकने तो आधीच ग्रिलवर टाकलेला असू शकतो ना, त्यामुळे त्यावर आडवी रेघ येते आणि की दाबून "पाहिलं" म्हणेपर्यंत ती ओळ तिथेच. ॲलर्जीची ओळ उलट्या रंगात, पूर्ण रुंदीची, पदार्थाच्या लगेच खाली, तिकिटाच्या तळाशी टीप म्हणून नाही.

अडलंय ते ऑल-डे काउंटवर, म्हणजे सगळ्या तिकिटांतले मिळून एकाच पदार्थाचे किती नग बाकी. फ्रायरवाल्याला तिकिटापेक्षा तोच आकडा लागतो, पण बाजूला पट्टी काढली की रकाने बारीक होतात आणि 17 अक्षरांची 13 होतात. सध्या 0 की दाबून धरली तेवढा वेळ तो सगळ्यावर दिसतो, पण यात एक हात अडकतो. फ्राय स्टेशनला वेगळा लेआउटच द्यावा का, तिकिटं खाली छोटी आणि आकडे वर मोठे? कुणी केलं असेल तर सांगा, विशेषतः एक्सपोच्या (सगळ्या स्टेशनचे पदार्थ जुळवून ऑर्डर बाहेर पाठवणाऱ्याच्या) स्क्रीनशी ते कसं जुळवलंत ते.