सोसायटीच्या फाटकाला आपला चेहरा कशासाठी हवा?

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत घरकामासाठी येणाऱ्या महिलांच्या हजेरीकरिता बोटांचे ठसे घेणारे यंत्र आहे. त्याऐवजी चेहरा ओळखणारे यंत्र, तेही रहिवाशांसह सर्वांसाठी, बसवण्याचा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार असून माझा त्याला विरोध आहे.

भांडी घासून आणि कपडे धुऊन ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, त्यांना जुने यंत्र अनेकदा ओळखतच नाही. रेषा कुठे संपतात आणि कुठे दुभंगतात, त्या बिंदूंचा आराखडा साठवून नवा ठसा त्याच्याशी कितपत जुळतो, एवढेच असे यंत्र ठरवते. जुळणीची अट सैल केली तर परकी व्यक्ती आत येऊ शकते आणि कडक केली तर हक्काची व्यक्ती बाहेर राहते. चेहऱ्याच्या यंत्रालाही हा पेच चुकत नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावातून सुरू झालेल्या ‘आधार’मागे निदान २०१६ चा कायदा आहे, ठसे आणि बुबुळांची नोंद लॉक करण्याची सोय आहे, आणि २०१७ साली गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांच्या आधार-वापराला लगामही घातला. आमच्या फाटकावरील नोंदी मात्र यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार आहेत, आणि त्या तेथे किती काळ राहतील हे प्रस्तावात कोठेही लिहिलेले नाही.

वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानुसार संमती मुक्त आणि विनाअट असावी लागते. चेहरा न दिल्यास ज्या बाईंचे काम सुटणार आहे, त्यांच्या संमतीला मुक्त कसे म्हणावे? रहिवासी सभेत हात वर करून नकार देऊ शकतात. या बाईंना तर सभेत बसण्याचाही अधिकार नाही, आणि हे मला सर्वांत जास्त खटकते.

म्हणून सभेत मी लेखी सूचना मांडणार आहे: चेहऱ्याची नोंद कोणालाही सक्तीची नसावी, प्रवेशासाठी साधे कार्ड द्यावे आणि काम सोडून गेलेल्या महिलांचे जुने ठसे कंपनीने पुसून तसे लेखी कळवावे.