स्किओपेत्तीनो: सरकारी यादीत नसलेलं द्राक्ष

इटालियन वाइन म्हटलं की सगळे बारोलो आणि कियांतीवर बोलतात, मला मात्र स्किओपेत्तीनोबद्दल लिहायचंय. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिउलीमध्ये, अगदी स्लोव्हेनियाच्या बॉर्डरला लागून प्रेपोत्तो नावाचं गाव आहे, तिथलं हे काळं द्राक्ष, आणि १९७० च्या सुमाराला ते जवळजवळ संपलंच होतं.

आधी फायलोक्सेरा आला, म्हणजे मुळांवरची कीड, तिने युरोपभरच्या बागा उद्ध्वस्त केल्या. मग या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलांच्या खुंटावर (म्हणजे मुळाकडच्या भागावर) कलमं करून बागा परत उभ्या राहिल्या (आपल्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर करतात ना, तसंच) पण कलमाला डोळे, म्हणजे वर वाढणाऱ्या जातीचे कोंब, घेताना लोकांनी मेर्लोसारख्या फ्रेंच जाती घेतल्या, कारण त्या भरवशाच्या, आणि गावच्या जाती मागे पडल्या. वर दोन महायुद्धं. आणि एवढ्यातून जे वेल उरले त्यांच्यासाठी कायदा असा, की लागवडीला परवानगी असलेल्या जातींच्या यादीत स्किओपेत्तीनोचं नावच नाही! शेकडो वर्षं त्याच मातीत वाढलेलं द्राक्ष त्याच मातीत लावणं बेकायदा, मला हे वाचून खरंच राग आला.

१९७० मध्ये पाओलो आणि दीना रापुत्सी या नवरा-बायकोनी तिथल्या चाल्ला नावाच्या खोऱ्यात एक ओसाड पडलेली शेती घेतली. पाओलो त्याआधी ऑलिवेत्ती कंपनीत होते, टाइपरायटरवाली ऑलिवेत्ती. दोघांनी ठरवलं की लावायच्या तर इथल्याच जाती. मग आजूबाजूच्या गावांत शोधत फिरले, कुणाच्या बांधावर, कुणाच्या जुन्या बागेत, असे करत शंभराच्या आतबाहेर वेल सापडले, बस्स. त्यांच्या काड्या घेऊन कलमं केली आणि कायद्यात बसत नसताना हजारोंनी लावली. परवानगी येईल याची कसलीच खात्री नव्हती हो, आणि द्राक्षाची बाग म्हणजे लावली की पहिली काही वर्षं नुसता खर्च, हे नाशिक-सांगलीकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

मग ग्राप्पा, म्हणजे द्राक्षाच्या चोथ्यापासूनची इटालियन दारू, बनवणारं नोनीनो कुटुंब मदतीला आलं. त्यांनी १९७५ मध्ये अशा स्थानिक जाती वाचवणाऱ्यांसाठी रिसित दाउर नावाचं बक्षीसच सुरू केलं, १९७६ चं पहिलं बक्षीस रापुत्सींना. ओरडा झाला, दबाव वाढला आणि सत्तरचं दशक संपता संपता लागवडीला परवानगी मिळाली. रापुत्सींची पहिली स्किओपेत्तीनो वाइन १९७७ ची, रोंकी दी चाल्ला या नावाने.

या वाइनमध्ये काळ्या मिरीचा वास येतो, स्पष्ट, ताज्या कुटलेल्या मिरीचा. तो रोटंडोन नावाच्या घटकामुळे, मिरीतही तोच असतो आणि शिराझमध्येही. स्किओपेत्तीनोत तो भरपूर, शिवाय चांगली आंबट धार आणि गडद फळांची चव, अंगाने फार जड नाही, मला तर वाटतं मटणाच्या सुक्याबरोबर मस्त जाईल.

आता बाग आणि वाइनरी रापुत्सींची मुलं बघतात, आणि प्रेपोत्तोतले इतरही बरेच जण हे द्राक्ष लावतात. व्हेनिसला जाणारे खूप असतात, तिथून फ्रिउलीतल्या उदिने शहराला ट्रेनने दोन तासांच्या आत पोचता येतं, तर एक दिवस काढा आणि तिथल्या कुठल्याही चांगल्या वाइनच्या दुकानात स्किओपेत्तीनो मागा.