पोलादी पाटीवर आपटलेल्या गोळीचे पुढे काय होते

भारतातून येणाऱ्या माझ्या बहुतेक पाहुण्यांना नेमबाजी म्हणजे कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्य एवढेच ठाऊक असते, आणि त्यात नवल काहीच नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या छोट्या) काडतुसांवर. तीच काडतुसे आम्ही इथे टेक्सासमध्ये पोलादी पाट्यांवर वापरतो. फरक असा की कागदातून गोळी आरपार जाऊन मागच्या मातीच्या बांधात रुतते, तर पोलाद तिला जागीच अडवते. अडवलेल्या गोळीचे शिसे कुठेतरी जाणारच. ते कुठे जावे हे गोळी झाडण्याआधी ठरवणे, यालाच मी पोलादी लक्ष्य सुरक्षितपणे उभे करणे म्हणतो.

सपाट, गुळगुळीत आणि पुरेशा कठीण पाटीवर शिशाची गोळी आपटली की तिचा चुरा होतो आणि तो बहुतांशी नेमबाजाकडे न परतता पाटीच्या पृष्ठभागालगत, साधारण २० अंशांच्या आत, सर्व दिशांना उडतो. याची खात्री करून घ्यायची असेल तर पाटीच्या कडेला पुठ्ठ्याचा एक तुकडा आडवा राहील अशा रीतीने खांबाला ठोकावा. काही मॅगझिन रिकामी झाल्यावर पुठ्ठ्यावर, नेमक्या पाटीच्या दर्शनी पृष्ठभागाच्या रेषेत, बोथट सुरीने ओरबाडावे तशी एक अरुंद फाटकी पट्टी दिसते आणि बाकीचा पुठ्ठा जवळजवळ कोरा राहतो. शेजारच्या पाटीचा स्टँड, कागदी लक्ष्याची चौकट किंवा उभा असलेला माणूस त्या रेषेत येता कामा नये. स्टँडचे पाय लाकडी ठेवावेत असे मी आग्रहाने सांगतो. लाकूड चुऱ्याने झिजते, पण ते बदलायला फारसा खर्च येत नाही आणि लोखंडी अँगलच्या कडेवरून गोळी जशी भलत्याच दिशेला वळते तशी लाकडावरून सहसा वळत नाही.

हे सारे गणित पाटी गुळगुळीत असेपर्यंतच चालते. पृष्ठभागावर खड्डा पडला की त्याच्या वक्र भिंतीवरून शिसे फिरून थेट समोर, म्हणजे आपल्याकडे येते. साध्या बांधकामाच्या पोलादाची ब्रिनेल कठीणता (धातू किती टणक आहे याचे माप) १२० ते १५० च्या आसपास असते, तर ए आर ५०० या प्रतीच्या पोलादाची ५०० च्या आसपास. म्हणून पिस्तुलासाठी ए आर ५०० ची तीन-अष्टमांश इंच जाडीची पाटीच घ्यावी. ही कठीणता उष्णतेने मिळवलेली असते आणि उष्णतेनेच जाते. गॅस कटरने कापलेल्या पाटीच्या कडा मऊ पडतात आणि वेल्डिंग केले तर जोडाभोवतीचा भागही मऊ होतो. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पाटी कापून घेणाऱ्यांनी ती कशाने कापणार हे आधी विचारावे. मार खाऊन पाटी वाकली असेल तर तिची फुगीर बाजू नेमबाजाकडे ठेवावी, खोलगट बाजू कधीही नाही.

पाटीचा वरचा भाग नेमबाजाकडे झुकलेला असावा, म्हणजे चुरा खाली मातीत जातो. साखळी पाटीच्या मागून जोडली की पाटी स्वतःच्या वजनाने तशी झुकते, हा मला सर्वांत विश्वासार्ह वाटलेला मार्ग आहे. मात्र टांगलेली पाटी फटका बसल्यावर झुलते आणि परत येताना क्षणभर तिचे तोंड वर होते, त्यामुळे जोरात झुलणाऱ्या पाटीवर भराभर गोळ्या झाडणे टाळावे. पाटीखाली खडी, दगड किंवा काँक्रीट असेल तर झुकवण्याचा उपयोग राहत नाही, कारण खाली गेलेले शिसे तिथून पुन्हा उसळते. जमीन मऊच हवी. मागे उंच मातीचा बांध तर हवाच. .२२ च्या डब्यावर गोळी मैल-दीड मैल जाऊ शकते असा इशारा छापलेला असतो आणि पाटी चुकली की गोळी त्या बांधावरच जाणार असते.

अंतराबाबत मी तडजोड करत नाही. यूएसपीएसए या अमेरिकेतील नेमबाजी स्पर्धांच्या संघटनेच्या नियमांत धातूवर पिस्तूल चालवताना किमान २३ फूट अंतर सांगितले आहे. आम्ही सरावात १० यार्डांच्या आत जात नाही आणि नवखा सोबत असेल तर आणखी मागे सरकतो. रिमफायरच्या पातळ पाट्यांवर ९ मिलिमीटरची गोळी नको, आणि पिस्तुलाच्या अंतरावरून कोणत्याही पाटीवर सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर पेटणाऱ्या, जास्त ताकदीच्या काडतुसांची) रायफल तर मुळीच नको. गोळीला लोहचुंबक चिकटला, म्हणजे तिच्यात पोलाद असले, तर ते काडतूस पोलादासाठी वापरू नये. छऱ्याच्या बंदुकीतला पोलादी बीबी खेळण्यातला वाटतो, पण तो फुटत नाही, जसाच्या तसा परत येतो. मुले हौसेने ही चूक करू शकतात, म्हणून त्यांना ते आधीच समजावून सांगावे.

बाजूनेही झाकणारा, झेड ८७.१ या डोळ्यांच्या संरक्षणाच्या अमेरिकी मानकाचा चष्मा प्रत्येकाने लावावा, आणि प्रत्येकाने म्हणजे मागे खुर्चीत बसलेल्या आजोबांनीसुद्धा. गोळ्यांच्या खुणा झाकण्यासाठी पाट्या रंगवायला पुढे जाण्याआधी सर्व बंदुका रिकाम्या करून, तपासून खाली ठेवाव्यात आणि कोणी पुढे असेपर्यंत त्यांना हात लावू नये. परतल्यावर साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नये, कारण शिशाची धूळ बोटांवर राहते.

रंग देण्याच्या वेळी मी पाटीवरून नख फिरवतो. नख अडकेल एवढा खळगा लागला की ती पाटी त्याच दिवशी खाली उतरते, आणि पुन्हा कोणी टांगू नये म्हणून तिचे दोन तुकडे करूनच भंगारात जाते.